तासगावच्या कॅलेंडरातले आबा

वडूज
मंगळवार, २८ डिसेंबर १९६५

जालिंदर,

जयभीम. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तो वगळला आहे.

तीन वर्षांत तुला एक ओळ धाडली नाही आणि आज शाळा सुटल्याबरोबर, हाताचा खडूही न धुता लिहायला बसले. माझं डोकं सकाळपासून ठिकाणावर नाही.

आमच्या हेडमास्तरांनी आज कचेरीत नव्या सालाचं कॅलेंडर टांगलं. तासगावच्या कुणा बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं छापलेलं. खाली लाल अक्षरात दुकानाचं नाव आणि वर हे एवढं रंगीत चित्र. मी हजेरीपट घ्यायला आत गेले आणि तशीच उभी राहिले. परमुलखातला दारूचा गुत्ता. मेजावर द्राक्षांचे घोस, सांडलेली सुरई, मेजावरच चढून ताट चाटणारं कुत्रं. जमिनीवर अंड्यांची टरफलं आणि खेळायचे पत्ते. मेजाभोवती बायकापुरुष मिळून दहा-अकरा माणसं पितायत. आणि मधोमध, डोक्यावर परातीएवढी काळी टोपी, गळ्याला चुण्याचुण्यांची पांढरी झालर, त्या सगळ्याच्या आत आबांचं तोंड. आपल्या आबांचं. खडी उडून भुवईवर पडलेली खोक, तीसुद्धा तू सोडली नाहीस. हातात पेला, मान मागे टाकलेली, खदाखदा हसतायत.

शेजारी आई खुर्चीतच झोपलेली. आणि दुसऱ्या सुरईतून पेल्यात ओतणारी ती पोरगी मी. माझी हनुवटी इतकी पुढं आहे का रे?

खालचं नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. जे. एच., सांगली. जालिंदर हरिबा.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, हा मधला माणूस तुमच्या वडलांसारखा दिसतोय." मी म्हटलं, "नाही हो, ते कुणी विलायती लोक आहेत." ते हसले. त्यांना ते पटलं नाही.

तुला कळतंय का तू काय केलंस? छप्पन साली आबा नागपूरला जाऊन आले, त्याला नऊ वर्षं झाली. सडकेवर मैलकुली म्हणून दिवसभर खडी फोडायची आणि रविवारी पायी जाऊन, जिथं आपली चार घरं असतील तिथं लोकांना प्रतिज्ञा द्यायची. आबा एकेक प्रतिज्ञा सांगतात, लोक मागून म्हणतात. मी खोटं बोलणार नाही. मी दारू पिणार नाही. खटाव तालुक्यात निम्म्या लोकांनी ही वाक्यं आबांच्याच तोंडून ऐकली आहेत. आता बुद्धपौर्णिमेला वडूजच्या नव्या विहाराची पायाभरणी आहे आणि प्रतिज्ञा आबांनीच द्यायची असं समितीत ठरलंय. त्यांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली. आणि तू त्यांच्या हातात पेला दिलास, तोही तासगावच्या बेदाण्याबरोबर घरोघर.

तू स्वतःला मात्र बरोबर जागी काढलंयस. मेजाखाली, आडवा, बाटली उशाला. निदान तेवढं खरं.

समितीला ताबडतोब पत्र लिही की ही तोंडं आमची नव्हेत, मनानं काढली. आबांनी अजून पाहिलेलं नाही. त्याआधी लिही.

राही

*

वडूज
बुधवार, १९ जानेवारी १९६६

जालिंदर,

तुझं कार्ड मिळालं. समितीला पत्र नाहीच, मला दोन ओळी. "आक्का, आपल्या घरात कुणाचाही फोटो नाही. आबा हसायचे कसे ते विसरायच्या आत काढून ठेवलं."

ठेवायचं होतंस तर तुझ्या ट्रंकेत ठेवायचं. व्यापाऱ्याला कशाला विकलंस?

आबांनी पाहिलं. संक्रांतीआधीच्या बाजारात किराणा दुकानात टांगलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "हरिबा, तुज्यावानीच दिसतोय की रं ह्यो सायेब." आबा जवळ गेले, बराच वेळ बघितलं आणि साखर न घेताच घरी आले. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "टोपी लय मोठी हाय." त्यानंतर आठ दिवस झाले, लागेल तेवढंच बोलतात. आईला मी सांगितलं की तुलाही काढलंय. ती म्हणाली, "झोपल्याली का होईना, बसायला खुर्ची तरी दिली की पोरानं." तिचं हे असं. मला रडावं की हसावं ते कळेना.

परवा समिती बसली. आपला केरबा आता चिटणीस आहे, वाचनालय तोच चालवतो. माणूस वाकडा नाही, पण सरळपणाही कधीकधी टोचतो. म्हणाला, "हरिबा, तुमच्याबद्दल आमच्या मनात काय न्हाई. पण कॅलेंडर भिताडावर वर्सभर ऱ्हातं. ज्याच्या हातात पेला त्यानंच दारू पिऊ नगा म्हणायचं, ह्ये लोक आयकतील का?" आणि मग वाट त्यानंच काढून दिली. आबांनी पायाभरणीच्या दिवशी सर्वांसमक्ष कागद वाचायचा. की माझा मुलगा व्यसनी आहे, म्हणून त्याला तीन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं, चित्र त्यानं आकसानं काढलं, त्याचा आमचा संबंध नाही. एवढं वाचलं की प्रतिज्ञा आबांनीच द्यायची.

आबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. मी म्हटलं, कागद मी लिहून देते.

का लिहू नये? यात खोटं काय आहे? बासष्टच्या दिवाळीत तुझ्या सांगलीच्या खोलीवर आले होते ती मीच. खाटेखाली ओळीनं लावलेल्या पाच दारूच्या बाटल्या पाहिल्या त्या मीच, आणि आबांना येऊन सांगितलं तेही मीच. हे तुला कधी कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. आज सांगते. पुढं तू घरी आलास तेव्हा आबांनी तुला दारातच विचारलं होतं, "बाटल्या हायत का न्हाईत?" तू म्हणालास, "हायत." आणि पुढं एक शब्द न बोलता पिशवी उचलून चालता झालास. खरा असतास तर बोलला असतास.

आणि त्या केरबालाच काय, सगळ्या समितीला मी सांगून आले आहे की आबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही.

राही

*

वडूज
रविवार, ६ मार्च १९६६

जालिंदर,

काल सांगलीला येऊन गेले. कागदावर तुझी सही असली तर समितीचं तोंड बंद होईल असं मला वाटलं होतं. तू तासगावला दुकानाची पाटी रंगवायला गेला होतास. बरंच झालं.

लालासाहेब पेंटरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौकशी केली. तुला काम शिकवणारा हा म्हातारा एवढा बोलका असेल असं वाटलं नव्हतं. सिनेमाच्या बोर्डावर नटीची बोटं रंगवत होते, शिडीवरून उतरलेही नाहीत. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "आवं बाई, तुमाला वळखलं मी. सुरईवाली." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी भांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी उतरून एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. कुणा संस्थानिकाच्या लिलावात घेतलेलं. हॉलंड देशातल्या जुन्या चित्रकारांचं. म्हणाले, पोरगं ह्यातनंच शिकलं, आधी बघा आन् मग शिव्या द्या.

जालिंदर, मी सातवीला शिकवते, पण असलं काही बघितलं नव्हतं. देव नाही, राजा नाही, लढाई नाही. मोची, कोळी, दाई, वैद्य, गुत्तेवाला. बाप्यांच्या मांडीला मांडी लावून पिणाऱ्या बायका. चिलीम ओढणारी म्हातारी. झोपलेल्या बाईच्या खिशात हात घालणारं पोर. माझ्या कानशिलांना चटका बसला आणि तरी पान उलटत राहिले. मी विचारलं, असली चित्रं ती माणसं लपवून ठेवत असतील ना? लालासाहेब म्हणाले, "लपवत्यात कशाला? बैठकीत टांगत व्हती. आन् ह्यो मेजाजवळ दात काढतोय त्यो कोन म्हाईत हाय? सोता चित्रकार. शेजारी त्याची बायकू. ह्यातल्या एकाचा तर सोताचाच गुत्ता व्हता."

म्हणजे आपल्याच घरादाराला माणूस असं चव्हाट्यावर मांडतो!

मग त्यांनी तुझ्या चित्राचं कॅलेंडर काढलं आणि चित्रातल्या आढ्यावर बोट ठेवलं. तिथं टोपली टांगलेली आहे, तिच्यात कुबडी आणि भिकेचं वाडगं. मी पाहिलं होतं, पण अडगळ समजले होते. म्हणाले, ही त्या लोकांची रीत. खाली सगळी हसतायत, डोक्यावर काय टांगलंय ते कुणालाच दिसत नाही. बघणाऱ्याला तेवढं दिसावं. "चेष्टा न्हवं बाई, ताकीद हाय. पर ताकीद देताना त्या चित्रकारानं मान्सावर राग न्हाई धरला. तुमच्या बापाचं त्वांड बगा की. राग हाय का त्यात?"

राग नव्हता. मला ते आधी कसं दिसलं नाही कुणास ठाऊक. व्यापाऱ्याला तर फक्त द्राक्षं दिसली म्हणे, म्हणून त्यानं घेतलं. तुला न विचारता छापलं, हेही लालासाहेबांनीच सांगितलं. तू हे का नाही लिहिलंस?

हरणाऱ्या माणसासारखी मी शेवटचं बोलून बघितलं. म्हटलं, ताकीद द्यायला हा आधी स्वतः शुद्धीवर असायला हवा. बाटल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

लालासाहेबांनी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं. मग शेडच्या कोपऱ्यात गेले. तिथं फळीवर तशाच बाटल्या, तीच लेबलं, वीसेक तरी असतील. एकीचं बूच काढून माझ्या नाकाशी धरली. टर्पेंटाइन. दुसरीत जवसाचं तेल. पेंटर लोक भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणतात, बूच घट्ट बसतं म्हणून. सांगलीत ज्याच्या हातात ब्रश आहे त्याच्या खाटेखाली त्या असतातच. "तुमचा भाऊ सुपारी बी खात न्हाई, बाई. पोरं त्याला भंतेजी म्हणत्यात."

मग मेजाखाली स्वतःला आडवा का काढलास, तेही मी विचारलं. लालासाहेब म्हणाले, "घरच्यांनी जितं टाकला तितं पडलाय."

एस्टीत विट्यापर्यंत मी काय विचार केला ते मला आठवत नाही. वाटेत कुणी तरी बाईनं विचारलं, बरं वाटत न्हाई का.

राही

*

वडूज
बुधवार, २० एप्रिल १९६६

जालिंदर,

मी आबांना अजून सांगितलेलं नाही.

रोज ठरवते. सकाळी ते चुलीपुढं चहा घेतात तेव्हा सांगायचं, असं रात्रीच पक्कं करते, आणि सकाळी त्यांना दुसरंच काहीतरी विचारते. मी लिहिलेला कागद त्यांनी घडी करून कोपरीच्या खिशात ठेवलाय. कोपरी धुवायला टाकली की काढून घेतात, घातली की परत ठेवतात. एकदाही उघडून वाचताना मी पाहिलं नाही.

सांगितलं तर त्यांच्याजवळ वाचायला काय उरतं? तू व्यसनी नाहीस, तर चित्र आकसाचं नाही. आकसाचं नाही, तर मग खरं आहे. आणि ते खरं आहे, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आत्याची हळद उतरली त्या दिवसाची दुपार आहे ती. मांडवात माणसंही तितकीच होती, मी मोजून पाहिली. आई चार दिवस जात्यावर बसून थकली होती आणि बसल्या जागी झोपली. आबा म्हणाले, "राही, वत की गं," आणि मी तांब्यानं ओतली. तेरा वर्षांची होते. आबा असे हसले की सगळा मांडव हसला. तू तेवढं लक्षात ठेवलंस. तू लहान होतास. मला त्याच्यापुढचंही आठवतं, आईचं तोंड सुजलेलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही काढलं नाहीस. नागपूरहून आल्यावर आबांनी पुन्हा कधी घेतली नाही. पुन्हा कधी तसे हसलेही नाहीत.

आणि मी सगळ्या समितीला सांगून बसले की जन्मात हात लावला नाही.

शाळेत पोरांना मी खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावते. गेले दीड महिने मला ते जमत नाही. पायाभरणीला चौदा दिवस उरलेत. आबांना ती प्रतिज्ञा द्यायला मिळावी असं मला फार वाटतं रे. तुझं नाव त्यासाठी जाईल, हे कळूनही वाटतं. हे लिहिताना माझी मलाच भीती वाटते.

राही

*

वडूज
गुरुवार, ५ मे १९६६

चि. जालिंदर,

काल पायाभरणी झाली. आसपासच्या गावांतून चारपाचशे माणूस होतं, उन्हाला मांडव घातला होता. केरबानं आबांना पुढं बोलावलं. आबांनी कागद काढला, उघडला, चष्मा लावला. "माझा मुलगा," एवढं वाचलं आणि थांबले. 

मी उभी राहिले. काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं. म्हटलं, "आबा, वाचू नका. बाटल्यांत रंगाचं तेल होतं. तो पीत नाही, कधीच प्यायला नाही. मी सांगलीला बघून आले, मार्चमध्येच. तुम्हाला सांगितलं नाही."

 आबांनी चष्मा काढला. मला मारतील असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "तवा बाटली हुंगली न्हवतीस?"

"न्हाई."

"मी बी इच्यारलं न्हाई," ते म्हणाले. "हायत का न्हाईत, एवढंच इच्यारलं. त्येनं खरं सांगितलं."

मग ते लोकांकडे वळले. आवाज चढवला नाही, मागच्यांना पुढं सरकावं लागलं. म्हणाले, "कॅलेंडरातला त्यो मानूस मीच हाय. प्यायचो. बायकूला मारायचो. माजी पोरगी तुमाला न्हाई म्हनली, त्ये माज्या लाजंपायी. पोरानं खोटं काय काडलं न्हाई, टोपी सोडली तर. उलट मारायचो त्ये त्येनं झाकलं."

आई बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाशी नेला नाही, सरळ बघत राहिली.

केरबा पुढं आला.  म्हणाला, "आबा, झालं गेलं. जो प्यायचा त्यानंच सोडली, म्हंजे परतिज्ञा द्यायचा हक तुमचाच. म्हणा तुमी." लोकांतूनही आवाज आले, व्हय, हरिबाच म्हणंल. जालिंदर, त्या क्षणी त्यांना मागावं लागत नव्हतं, लोक आपणहून देत होते. मला वाटलं, सुटलो.

आबा म्हणाले, "खोटं बोलनार न्हाई म्हून मी तालुकाभर सांगत हिंडलो, आन् तीन वर्सं माज्या पोराला दारुडा म्हनत हिंडलो. आज मला द्याची न्हाई, घ्याची हाय. केरबा, तू सांग."

आणि खाली लोकांत जाऊन मांडी घालून बसले. केरबानं वाचलं. आबा सगळ्यांबरोबर मागून म्हणत होते, नव्यानं आलेल्या माणसासारखे, शब्द चुकू नये म्हणून केरबाच्या ओठांकडे बघत. खोटं बोलणार नाही, हे आलं तेव्हा माझा आवाज फुटेना. आईनं कोपर मारलं. "म्हण की," म्हणाली. मी म्हटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, जालिंदरला लिहिते, आता ये म्हणून. आबा म्हणाले, "त्येला कशाला बलावतीस? घालवला मी. जायाचं मी." त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला, दोनदा म्हणून दाखवला. सांगली त्यांनी कधी पाहिलेली नाही. उद्या पहाटेच्या एस्टीनं निघतायत. आईनं भाकरी आणि शेंगांची चटणी बांधली आहे. माफी कशी मागतात ते त्यांना ठाऊक नाही, कधी मागितलेली नाही. मी शिकवायला गेले नाही.

हे पत्रही उद्याच्या त्याच गाडीच्या टपालात जाईल. आबा उतरून विचारत विचारत तुझ्या दारात येतील, आणि पत्र कचेरीतून फिरून परवा कधीतरी. म्हणजे ते काय बोलले आणि तू दार उघडलंस की नाही, हे सगळं होऊन गेल्यावर तू हे वाचशील. त्यांच्यासाठी रदबदली करायला मी हे लिहीत नाही. त्यांचं ते बघतील.

माझं वेगळं आहे. आबांनी मला मांडवात विचारलं, बाटली हुंगली नव्हतीस का, आणि मी न्हाई म्हटलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. त्या दिवशी तुझ्या खोलीत मी एकटी होते. तू चहा सांगायला खाली गेला होतास. भिंतीला तुझी चित्रं लावली होती आणि मी ती बघत होते. तू घरातून निघून तुझ्या मनासारखं जगत होतास, आणि मला वडूजची शाळा, आईची दुखणी, आबांची शिस्त. तुझ्यात काहीतरी वाईट निघावं असं मला वाटत होतं. मग खाटेखाली त्या दिसल्या. मी खाली वाकले, एकीला हात लावला, बूच अर्धं फिरवलं. आणि परत बसवलं.

आक्का